आत जागा नाही

सकाळी पावणेदहाला, चहाचा पहिला घोट अजून तोंडातच असताना, तिला एक्केचाळिसावी ओळ दिसली आणि घोट गिळायचा राहून गेला. ओळीत तसं काही नव्हतं. वरच्या चाळीस ओळींसारखीच तीही डावीकडे चार जागा सोडून सुरू होत होती, आणि तिच्यात संगणकाला कळतील असे दोनच शब्द होते; अर्थ एवढाच की शेजारी बंद. चहा तोंडात कोमट होत गेला. मागे थंड हवेचं यंत्र घरघरत होतं. ते रोजच घरघरतं, पण तिला ते आज ऐकू आलं. मग कानाच्या पाळ्या तापल्या, मग तिने घोट गिळला, मग कप ठेवायला टेबलावर जागा शोधली. टेबल रिकामंच होतं, तरी ती बराच वेळ जागा शोधत राहिली. फाईल दोन वर्षांपूर्वीची होती. नव्याने लागलेल्या लोकांना शिकवण्यासाठी तिच्या वरिष्ठ बाईंनी ती मागितली होती. प्रत्येक ओळीपुढे ती कशासाठी आहे ते सोप्या शब्दांत लिहून दे म्हणाल्या होत्या. ‘तुझीच दे, तुझ्याइतकं स्वच्छ काम कोणाचं नसतं,’ असंही म्हणाल्या होत्या, आणि ते ऐकून ती काल दिवसभर जमिनीपासून चार बोटं वर चालत होती. चाळीस ओळींपुढे तिने ऐटीत टिपा लिहिल्या होत्या. एक्केचाळिसाव्या ओळीपुढे तिने लिहायला सुरुवात केली, ‘ही ओळ नंतर काढावी,’ आणि तिथेच तिची बोटं थांबली. ती काढलेली नव्हती.

तिचं काम बाहेरच्या माणसाला सांगायला बसलं तर तो जांभई देतो, पण मुळात ते सोपं आहे. एका औषधाचे रेणू दोन तऱ्हेचे तयार होतात, उजवे आणि डावे. अवयव तेच, जोडणी उलट. त्या औषधाचा उजवा रेणू माणसाला बरं करायचा आणि डावा नुसती भोवळ आणायचा. दोघे जन्माला येतात एकत्रच. त्यांना वेगळं करायचं तर मध्ये एक आम्ल घालतात, जे स्वतः एकाच बाजूचं असतं. त्याच्याशी दोघांचेही क्षार बनतात. उजव्याचा क्षार स्फटिक होऊन खाली बसतो, डाव्याचा द्रावणात विरघळलेला राहतो, आणि गाळून घेतलं की झालं. निदान पुस्तकात तरी होतं. प्रत्यक्षात कधी कधी डावा गुपचूप उजव्याच्या स्फटिकात शिरून बसतो. त्याला मिश्र स्फटिक म्हणतात, आणि तो झाला की सगळं मुसळ केरात. मग कितीही धुवा, विरघळवा, पुन्हा बसवा, डावा बाहेर येत नाही, कारण तो वर चिकटलेला नसतोच, आत राहायला आलेला असतो. असं होणार की नाही हे आधी सांगायचं, यासाठी तिला पगार मिळायचा. संगणकावर स्फटिक रचायचा, त्यातला एक उजवा उचलायचा, त्याच्या जागी डावा ठेवायचा आणि स्फटिक किती कुरकुरतो ते मोजायचं. कुरकुर मोठी असली तर डाव्याला आत थारा नाही. पाचाच्या आत असली तर तो येणारच. दोन वर्षांपूर्वी तिने मोजली तेव्हा ती एकतीस भरली होती.

आणि शेजारी बंद म्हणजे काय, तर डावा आत बसवला की भोवतालचे रेणू जरासे सरकतात, जरासे वळतात, कोणी अंग चोरतो. ते किती सरकले हे शोधायला त्या वेळच्या यंत्रांना सहा दिवस लागायचे. म्हणून आधी शेजाऱ्यांना जागच्या जागी खिळवून ठेवायचं आणि चाळीस मिनिटांत एक कच्चं गणित करून बघायचं, रचना सरळ आहे ना, कोणी कोणाच्या अंगावर पडलेलं नाही ना, एवढ्यापुरतं. मग बंद काढायचं आणि खरं गणित लावायचं. या धंद्यात सगळेच असं करतात. काढायचं विसरत मात्र कोणी नाही, कारण खिळवून ठेवलेल्या शेजाऱ्यांमध्ये कोणीच मावत नाही, हे पहिल्या आठवड्यातच शिकवतात. तिने त्या महिन्याच्या सगळ्या फायली एकेक करून उघडल्या. अकरा आम्लं, अकरा स्फटिक. दहांमधून ओळ काढलेली होती. अकराव्यात ती राहिली होती, आणि तो कच्चा आकडा दहा पक्क्या आकड्यांच्या रांगेत जाऊन बसला होता, चेहरामोहरा तोच, दशांशही तेवढेच, आणि त्याच्याच जोरावर ते अकरावं आम्ल निवडलं गेलं होतं. तिने स्वतःच्या डोळ्यांनी ती रांग किती वेळा तपासली असेल. शंभरदा तरी.

फाईलवर तारीख होती. बुधवार. तिने तो बुधवार आठवायचा प्रयत्न केला आणि आणखी एक धक्का बसला, कारण काहीच आठवेना. एवढं मोठं काही ज्या दिवशी हातून घडलं त्या दिवसाची एखादी खूण तरी मनात हवी होती. डोकं दुखत असेल, कोणाशी भांडण झालं असेल, घरून फोन आला असेल, काहीतरी. नव्हतं काही. खूप ताणल्यावर एवढंच आठवलं की त्या सुमारास नवीन बूट घेतले होते आणि डाव्या टाचेला चावत होते. म्हणजे ती टाच चोळत बसलेली असेल, आणि मग उठली असेल, आणि परत येऊन पुढची फाईल उघडली असेल. चूक करताना माणसाला काहीच वाटत नाही, ही गोष्ट तिला त्या क्षणी चुकीपेक्षाही भयंकर वाटली. तिने टेबलाखाली पाय बुटातून काढला आणि टाच चाचपून पाहिली. आता तिथे काहीच दुखत नव्हतं.

आणि मग, ज्याला ती अर्धा तास अडवून धरत होती तो मनात आला. मामा. तिच्या आईचा मोठा भाऊ. वडिलांच्या बदल्या होत असायच्या म्हणून ती शाळेची सात वर्षं मामा-मामीकडे राहिली होती. त्या घरात मूल नव्हतं, आणि ती त्या घरात गेली तेव्हा इतकी किडकिडीत होती की मामाने पहिल्याच दिवशी तिचं नाव काडी ठेवलं. आता काडी काही राहिली नव्हती, चाळिशीत चांगली सुटली होती, पण मामा अजून फोनवर ‘काय गं काडे’ अशीच सुरुवात करायचा. मामा याच कंपनीत, खालच्या मजल्यावर, एकोणतीस वर्षं स्फटिक गाळायचं आणि धुवायचं काम करत होता. लोक त्याला काका म्हणायचे, आणि कार्यालयात तीही काकाच म्हणायची. रेणू उजवे-डावे असतात हे तिला मामाने नवव्या वर्षी सांगितलं होतं, चपलांवरून. ‘आता अदलाबदल करून घाल आणि मला सांग पाय काय म्हणतो,’ म्हणाला होता. ती उलट्या चपला घालून अंगणात गेली ती खेळण्यात विसरूनच गेली, आणि दुपारभर तशीच हुंदडली. परत आल्यावर मामाने विचारलं, ‘मग? कुरकुरला का पाय?’ तिला सांगायला लाज वाटली की काहीच झालं नाही. ‘हो, खूप,’ असं ती खोटंच म्हणाली होती. मामाला ते उत्तर हवं होतं असं तिला वाटलं होतं.

मामाच्या हातांना कारखान्यात मान होता. स्फटिक गाळणीवर गोळा झाले की त्यांचा ओला थर बसतो, आणि खालून पंप हवा ओढत असतो. थर सुकायला लागला की त्याला भेगा पडतात, आणि भेग पडली की धुण्यासाठी ओतलेलं थंड द्रावण त्या भेगेतूनच सटकतं, बाकीचा थर तसाच घाणेरडा राहतो. म्हणून काचेच्या चपट्या बुचाने तो थर हलक्या हाताने दाबत राहावं लागतं, भेग पडायच्या आधीच. कधी दाबायचं हे पुस्तकात नाही. मामा पंपाच्या आवाजावरून ओळखायचा. पाठमोरा उभा असला, कोणाशी थट्टा करत असला तरी आवाज बदलण्याच्या आधी वळायचा. ती लहानपणी एकदा त्याच्याबरोबर आली होती, तेव्हा तिला वाटलं होतं की मामा त्या थराला झोपवतोय. त्या औषधाच्या वेळीही त्यानेच धुतलं होतं. पण तीन वेळा विरघळवून, तीन वेळा बसवून, तीन वेळा धुऊनही डावा चार टक्क्यांवर अडून राहिला. मग बैठक झाली.

ती बैठक मात्र तिला अक्षरन् अक्षर आठवत होती. वरिष्ठ बाई टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या. त्यांना सगळे पाठीमागे दशांशबाई म्हणत, कारण त्यांना कुठलाही आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत लागे. कोणी पाऊण तास म्हटलं तरी त्या किती मिनिटं असं विचारत. दशांशबाई म्हणाल्या की शक्यता दोनच आहेत. डावा आत आहे, किंवा वर आहे. आत असेल तर दोष आम्लाचा. वर असेल तर धुण्याचा. मामा उभा राहून म्हणाला, ‘मॅडम, आत आहे. वितळवताना कळतं. चांगला खडा एकदम वितळतो. हा चार अंश आधीपासून घामेजतो.’ त्यावर कोणीतरी म्हणालं की घाणेरडा खडाही घामेजतोच, आणि ते खरंच होतं. मग दशांशबाईंनी तिच्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. दोघांचं नातं सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ती कोणाच्या बाजूने बोलते याची खोलीत एक बारीक उत्सुकता होती. तिला ती जाणवली, आणि त्या उत्सुकतेचा तिला राग आला, आणि आपण आकड्याच्या बाजूने बोलतो हे दाखवायची खुमखुमीही आली. ‘एकतीस पूर्णांक चाळीस,’ ती म्हणाली. ‘आत जागा नाही.’ मामाकडे न बघता म्हणाली. मग त्याने आपला उजवा हात टेबलावरून उचलून समोर धरला आणि पाहिला, दुकानातली वस्तू बघावी तसा. ‘मग हातच असेल,’ म्हणाला, आणि बसला. बाहेर आल्यावर जिन्यात त्याने तिच्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाला, ‘बरं केलंस. आकडा तो आकडा. मामा-बिमा घरी.’ तिला त्या दिवशी स्वतःचा अभिमान वाटला होता. हे आता आठवताना तिला खुर्चीत नीट बसवेना.

नंतर सगळं इतक्या सभ्यपणे झालं की कोणाला बोट ठेवायला जागा नव्हती. ‘प्रकृतीचा विचार करून’ मामाला काचसामानाच्या कोठारात पाठवलं, आणि आठ महिन्यांनी तो निवृत्त झाला. धुण्यासाठी यंत्र आलं. त्याच महिन्यात ते जुनं आम्ल बाजारातून मिळेनासं झालं, म्हणून दुसरं आणलं. डावा चारावरून पाव टक्क्यावर आला, आणि सगळ्यांनी यंत्राच्या पाठीवर शाबासकी दिली. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तर कशाने काय झालं ते कळत नाही, हे तर शाळेतल्या प्रयोगवहीत लिहिलेलं असतं. इथे पाच पदव्यांची माणसं बसली होती. कोणी ब्र काढला नाही, तिनेही नाही, कारण उत्तर आधीच माहीत होतं. आणि बैठकीनंतर तीन आठवड्यांनी मामाचा हात खरोखरच थरथरायला लागला. आधी उजवा, मग दोन्ही. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, नसांमध्ये काही सापडलं नाही, वय झालं म्हणाले. मामाला वाईट वाटलंच नाही. उलट त्याचा जीव भांड्यात पडला. घरी येईल त्याला तो आपले दोन्ही हात पुढे करून दाखवायचा आणि कौतुकाने सांगायचा, ‘आमच्या काडीची कमाल बघा. माझ्या हाताचं मला कळायच्या आधी हिच्या कॉम्प्युटरला कळलं.’ पाहुणे माना डोलवायचे. तीही तिथे असायची. ‘पुरे रे मामा,’ म्हणायची, आणि लाजायची.

साडेदहाला तिने ती ओळ काढली. हे लिहायला सोपं आहे, पण त्याआधी पाच मिनिटं अशी गेली की ती आयुष्यात कोणाला सांगणार नाही. ओळ काढायची, फाईल पाठवायची, गणित पुन्हा लावायचंच नाही. फाईल स्वच्छ दिसली असती, कोणाला पत्ताही लागला नसता, आणि कदाचित आकडा पुन्हा एकतीसच आला असता, कोण जाणे. त्या पाच मिनिटांत तिने टेबलावरचा धूळ नसलेला भाग दोनदा पुसला. मग गणित लावलं. आताच्या यंत्रांना सहा दिवस लागत नव्हते, चार तास पुरत. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा दिसत राहायचा आणि शेजारी सरकतील तसा बदलायचा. पहिल्यांदा आला एकतीस. तिला वेडी आशा वाटली. मग सव्वीस. बारा वाजता सतरा. शेजारच्या टेबलावरचा सहकारी मुलांच्या शाळेच्या बसबद्दल फोनवर वाद घालत होता, आणि तिला त्याचं प्रत्येक वाक्य ऐकू येत होतं आणि एकाचाही अर्थ लागत नव्हता. डबा उघडला नाही. एक वाजता नऊ. तिने नखं पाहिली, हात पाहिले. तिचे हात मामासारखे आहेत असं आई म्हणायची, बोटं टोकाला चपटी. अडीचला आकडा थांबला. दोन पूर्णांक आठ. पडद्यावर तो डावा रेणू आरामात बसला होता. वरचा शेजारी सरकला होता तो किती, तर केसाच्या जाडीचे वीस लाख भाग करावेत आणि त्यातला एक घ्यावा तेवढा. खालच्याने नुसतं अंग वळवलं होतं. एवढंच पुरलं होतं. एवढंच तिने करू दिलं नव्हतं.

दशांशबाई वाईट नव्हत्या. त्यांनी दार लावून घेतलं, तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ‘दोन पूर्णांक आठ की आठ शून्य?’ एवढं विचारलं, आणि विचारल्यावर त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं. मग म्हणाल्या, ‘हे बघ, ते आम्ल आता आपण वापरतही नाही. औषधाला काही झालेलं नाही. कोणाला त्रास झालेला नाही. ओळ काढ आणि फाईल दे. मनाला लावून घेऊ नकोस.’

‘आणि काका?’ तिने विचारलं.

‘ते निवृत्त झाले ना?’

‘त्यांना त्या कारणाने कोठारात पाठवलं होतं.’

‘प्रकृतीच्या कारणाने,’ दशांशबाई म्हणाल्या. खोटं बोलण्याचा सूर त्यात नव्हता; कागदावर होतं ते त्या वाचून दाखवत होत्या.

‘बाई, एक पत्र द्याल? दोष धुण्यात नव्हता, एवढंच लिहून.’

दशांशबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ‘दोष धुण्यात होता असं कुठे लिहिलंय आपण? शोध तू. एक कागद सापडणार नाही. जे लिहिलंच नाही ते खोडायचं कसं?’ मग म्हणाल्या, ‘त्यांच्या निरोपाला मी किती चांगलं बोलले होते, आठवतंय ना तुला?’ तिला आठवत होतं. टाळ्याही तिने वाजवल्या होत्या. ती उठली, पाण्याचा पेला उचलून दाराबाहेर घेऊन आली, आणि मधल्या बोळात पेला हातात धरून उभी राहिली तेव्हा येणारे-जाणारे तिच्या अंगाला अंग न लावता बाजूने निघून गेले.

मामाच्या घरी ती पावणेसहाला पोचली. चालत गेली, पाऊण तास, आणि कुठल्या रस्त्याने गेली ते तिला नंतर सांगता आलं नसतं. एका दुकानाच्या पायरीवर एक माणूस बुटांना पॉलिश करत होता, दुसरा अनवाणी वाट बघत उभा होता, एवढं तिने पाहिलं. मनात ती वाक्यं जुळवत होती. मामा रागावेल, तर रागावू दे. मामा रडेल. मामा म्हणेल जाऊ दे, आणि ते सगळ्यात वाईट. या तिन्हींची तिने तयारी केली. मामीने दार उघडलं, तिचा चेहरा पाहिला आणि ‘काय गं, जेवली नाहीस वाटतं,’ म्हणून स्वयंपाकघरात वळली. मामा खिडकीपाशी नेहमीच्या खुर्चीत होता. दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसला होता. आता तो असाच बसायचा, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा, आणि सगळ्यांना त्याची सवय झाली होती. दाढी न्हाव्याकडे, सह्या मामी करायची, वर्तमानपत्र टेबलावर पसरून. चहा मामी त्याला अर्धा कपच द्यायची, सांडू नये म्हणून. पुन्हा हवा असला तर पुन्हा अर्धा. दोन वर्षांत त्या घरात कोणी पूर्ण भरलेला कप त्याच्यापुढे ठेवला नव्हता.

‘काय गं काडे,’ मामा म्हणाला. ‘आज मधल्या वारी कशी?’

ती बसली नाही. उभ्यानेच सांगितलं. जुळवलेली वाक्यं कुठे गेली कोण जाणे. ‘मामा, ते आत होतं,’ एवढंच आधी बाहेर पडलं. मग ओळ सांगितली, कच्चं गणित सांगितलं, दहा फायली उघड्या आणि एक बंद हे सांगितलं. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. मामा एका जागी बघत होता, जसा पूर्वी वितळणाऱ्या खड्याकडे बघायचा, पापणी न हलवता.

‘शेजाऱ्यांना धरून ठेवलं होतंस?’ त्याने शेवटी विचारलं.

‘हो.’

‘सोडलं असतंस तर तेव्हा किती वेळ लागला असता?’

‘सहा दिवस.’

‘आणि आज?’

‘चार तास.’

‘आकडा?’

‘दोन पूर्णांक आठ.’

मामाने मान हलवली. ‘घामेजायचेच ते,’ म्हणाला, अगदी हळू. ‘बघितलं होतं मी.’ त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी पसरत गेलं, आणि तिला वाटलं की हा हसणार. एकोणतीस वर्षं तो ज्यावर उभा होता ते त्याला परत मिळालं होतं, आणि ते तिने आणून दिलं होतं. ‘माझं चुकलं रे मामा,’ ती म्हणाली. ‘तुझ्या हातात काहीच नव्हतं. काहीच नव्हतं तुझ्या हातात.’

मामी चहा घेऊन आली. सगळं ऐकलं होतं तिने. तिने मामापुढे कप ठेवला. तो काठोकाठ भरलेला होता. ठेवून ती मागे सरली नाही, तिथेच पदराला हात पुसत उभी राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर अशी काही आशा होती की बघवत नव्हतं. मामाने कपाकडे पाहिलं. मग उजवा हात मांडीखालून काढला. बोटं कपाच्या कानापर्यंत नीट गेली, अंगठा वर बसला, आणि कप बशीवरून दोन बोटं उचलला गेला. मग कप हिंदकळायला लागला. चहा एका बाजूने ओघळला, मग दुसऱ्या, मग मामाच्या मनगटावरून बाहीत गेला. तो गरम असणार, पण मामाने कप सोडला नाही. डोळे बारीक करून तो हाताकडे बघत राहिला, पंपाचा आवाज बदलतोय का हे ऐकत असल्यासारखा. शेवटी त्याने कप खाली ठेवला. त्यात अर्धाच चहा उरला होता. मग त्याने दुसरा हातही काढला, दोन्ही हात टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, आणि ते थरथरत राहिले.

‘मग हे कशाने?’ त्याने विचारलं.

विचारण्यात राग नव्हता. खालच्या मजल्यावर एखादा आकडा जुळला नाही की तो वर येऊन तिच्या दारात उभा राहायचा आणि असाच विचारायचा, उत्तर तिच्याकडे असणार अशा खात्रीने. आताही तो तसाच तिच्या तोंडाकडे बघत होता. मामीही बघत होती. बशीतला चहा टेबलावर सांडून कडेकडे चालला होता, पण कोणी जागचं हललं नाही.